पैनगंगेपलीकडचे विद्यार्थी

अकोल्याहून वाशिममार्गे हिंगोलीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत पैनगंगा लागते. पूल ओलांडायला काही क्षण पुरतात. गाडीतली माणसे बोलणेही थांबवीत नाहीत. अलीकडचे शेत आणि पलीकडचे शेत सारखेच असते. बोलीतही फारसा फरक जाणवत नाही. आपण एका राज्याची वेस ओलांडली आहे असे कुणालाही वाटण्याचे कारण उरलेले नाही.

परंतु १९३८ साली ह्याच नदीवर एक राज्य संपत होते आणि दुसरे सुरू होत होते. अलीकडे ब्रिटिश अंमलातील 'मध्यप्रांत व वऱ्हाड', तर पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडचा रुपया वेगळा होता. त्याला हाली शिक्का म्हणत. टपालाची तिकिटे वेगळी होती, रेल्वे निजामाची होती, कचेरीची भाषा उर्दू होती आणि वर्षगणना फसली सनाची होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद ह्या पाच मराठी जिल्ह्यांतला माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन नव्हता. तो निजामाचा प्रजाजन होता. वऱ्हाडात त्याची बहीण दिलेली असे, सोयरीक असे, बाजारहाट असे. पण कागदोपत्री तो शेजारच्या मुलखातला परका होता.

अशा परक्या मुलखातून त्या वर्षाच्या अखेरीस काही विद्यार्थी इकडे आले. सोबत आणली ती एक ट्रंक, एक वळकटी आणि नावावर लागलेला ठपका. त्यांच्या कॉलेजाने त्यांना काढून टाकले होते. त्यांनी इकडे येऊन 'आम्हांला आश्रय द्या' असा अर्ज केला नाही. 'आम्हांला प्रवेश द्या' असा केला. ह्या दोन अर्जांमध्ये अंतर किती, हा ह्या लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडचे त्रांगडे

ही हकीकत नीट समजण्यासाठी वऱ्हाडचे तेव्हाचे स्थान आधी पाहिले पाहिजे. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे मुळात निजामाचेच. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहान्वये हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. कापसाचा हा सुपीक पट्टा नंतर परत मिळावा म्हणून हैदराबादने वारंवार प्रयत्न केले. १९०२ साली लॉर्ड कर्झन ह्यांनी त्यावर तोडगा काढला. वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडे ठेवण्याचा करार झाला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. मीर उस्मान अली खान ह्यांनी पुढे पुन्हा मागणी लावून धरली. ती लॉर्ड रीडिंग ह्यांनी १९२६ च्या मार्च महिन्यात धाडलेल्या प्रसिद्ध पत्राने फेटाळली. अखेर ऑक्टोबर १९३६ मध्ये नवा करार झाला. वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करण्यात आले, निजामाच्या बिरुदात 'हैदराबाद व वऱ्हाड' असा उल्लेख आला आणि त्यांच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र ही पदवी मिळाली. राज्यकारभार मात्र नागपूरच्या सरकारकडेच राहिला.

म्हणजे पाहा, निजामाच्या कॉलेजातून हाकलले गेलेले विद्यार्थी नदी ओलांडून ज्या भूमीवर उभे राहिले ती नावापुरती निजामाचीच होती! कायद्याच्या पुस्तकात ते आपल्याच राजाच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात आले होते. प्रत्यक्षात मात्र एका ठिकाणी त्यांच्यापुढे वाट बंद झाली होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती उघडी होती. माणसाला आसरा मिळतो तो नकाशावरच्या रंगामुळे मिळत नाही. तिथला कारभार कोणाच्या हाती आहे आणि ते हात कसे आहेत, ह्यावर तो मिळणे न मिळणे अवलंबून असते.

१९३८ चे वर्ष

हैदराबाद संस्थानात त्या काळी सभा भरविणे सोपे नव्हते. 'गश्ती निशाण ५३' ह्या हुकुमाने सभांवर निर्बंध होते. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हापासून मराठी जिल्ह्यांतील सुशिक्षितांना स्वतःचे व्यासपीठ लाभले. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात गोविंदराव नानल ह्यांनी सत्याग्रहाची पहिली तुकडी नेली. पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थ ह्यांना अटक झाली. वातावरण तापलेले असतानाच नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात एक प्रश्न उभा राहिला. प्रार्थनेच्या वेळी विद्यार्थी 'वंदे मातरम्' म्हणत. ते म्हणू नये, असा हुकूम निघाला. विद्यार्थ्यांनी तो मानला नाही. थोड्याच दिवसांत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतही तेच घडले आणि लोण संस्थानातील इतर कॉलेजांत व शाळांत पसरले. शेकडो विद्यार्थी वसतिगृहांतून, वर्गांतून, पटावरून काढले गेले. औरंगाबादेत ह्या मुलांना मार्गदर्शन करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, हे सर्वविदित आहे.

इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे ध्यानी घेणे न्यायाचे होईल. ह्या गीतातील काही कडव्यांतील देवतावर्णनाबद्दल अनेक मुसलमानांची मनःपूर्वक हरकत होती. ती हरकत केवळ संस्थानी सरकारने उभी केलेली नव्हती. राष्ट्रीय काँग्रेसच्या कार्यकारिणीनेही १९३७ च्या ऑक्टोबरात तिची दखल घेऊन राष्ट्रीय सभांत पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरविले होते. परंतु औरंगाबादच्या वसतिगृहात प्रश्न कडव्यांच्या संख्येचा राहिला नव्हता. आपल्या प्रार्थनेत काय म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार आपला की हुकूम देणाऱ्याचा, असा तो झाला होता. आणि त्याची किंमत म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे संपूर्ण शिक्षण हिरावून घ्यावे काय, हाही प्रश्न होता. गीताविषयी कोणाचे मत काहीही असो, ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते.

उस्मानिया हे संस्थानातील एकमेव विद्यापीठ होते. तिथून नाव कमी झाले की राज्यात पुढच्या शिक्षणाला दुसरी जागाच नव्हती. अन्यत्र जावे, तर दुसऱ्या विद्यापीठात प्रवेशासाठी आधीच्या कॉलेजचा दाखला लागे. शिस्तभंगाबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला तो कोण देणार? विद्यापीठे एकमेकांच्या शिक्षेचा मान राखीत, हा तेव्हाचा रिवाज होता आणि एरवी तो योग्यही होता. त्या रिवाजामुळे ह्या मुलांपुढे भिंत उभी राहिली. त्यांना तुरुंगात टाकले नव्हते, हद्दपारही केले नव्हते. केवळ शिकण्याची वाट बंद केली होती. गरीब घरच्या हुशार मुलाला ही शिक्षा तुरुंगापेक्षा कमी जाचक नसते.

नागपूरचे दार

ही भिंत नागपुरात ओलांडली गेली. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. १९३८ मध्ये टी. जे. केदार हे त्याचे कुलगुरू होते. हैदराबादेतून काढलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात घेण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाला आणि त्या निर्णयाचे श्रेय त्या पिढीने त्यांनाच दिले आहे. नागपूर विद्यापीठाचे दार म्हणजे फक्त नागपूर शहराचे दार नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, जे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, तेही ह्याच विद्यापीठाशी संलग्न होते. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते थेट १९८३ साली. तोपर्यंत वऱ्हाडच्या बहुतेक पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर नागपूरचेच नाव असे.

औरंगाबादेहून निघालेला विद्यार्थी निजामाच्या छोट्या रुळांच्या गाडीने मनमाडला येई. तिथे ब्रिटिश मुलूख सुरू होई आणि मोठ्या रुळांची गाडी मिळे. भुसावळ, मग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा आणि शेवटी नागपूर. हैदराबादकडून येणारा काझीपेठ, बल्लारशाह ह्या मार्गाने वर चढे. परभणी-हिंगोलीकडच्या मुलाला सरळ उत्तरेला वाशिम-अकोल्याचा रस्ता होता; हिंगोली-अकोला रेल्वे स्वातंत्र्यानंतरची आहे. ह्या प्रवासात कोणी पारपत्र विचारीत नव्हते. व्हिसा नावाची चीज नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानातून संस्थानाविरुद्ध जथे पाठविले जाऊ नयेत म्हणून १९३४ साली केलेला कायदा मात्र होता. जथा घेऊन दक्षिणेला जाणाऱ्याला त्या कायद्याची भीती होती. पुस्तके घेऊन उत्तरेला येणाऱ्याला नव्हती.

ह्या विद्यार्थ्यांचे कष्ट दाखला मिळाल्यावर संपले असे समजू नये. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. हिंदुस्थानी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा आणि धाडसी प्रयोग होता, हे मान्यच केले पाहिजे. पण औरंगाबादच्या मराठी मुलाने पदार्थविज्ञान आणि गणित उर्दूतून शिकलेले असे आणि नागपूर विद्यापीठाचे माध्यम होते इंग्रजी. घरी मराठी, कॉलेजात उर्दू आणि आता परीक्षा इंग्रजीत! प्रत्येक संज्ञा नव्याने पाठ करावयाची, तीही वर्षाच्या मध्यावर, परक्या गावात, घरून पैसे येण्याची शाश्वती नसताना. ज्यांनी हे निभावले त्यांची नावे बहुधा इतिहासाच्या पुस्तकात नाहीत. पुढे ते वकील झाले, मास्तर झाले, डॉक्टर झाले आणि आपापल्या जिल्ह्यांत परतले.

एक नाव मात्र साऱ्या देशाला माहीत आहे. तेलंगणातील एक तरुण, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव, ह्याच चळवळीत सापडला आणि शिक्षणासाठी नागपूरला आला. पुढे १९९१ ते १९९६ ह्या काळात तो भारताचा पंतप्रधान होता. नरसिंह रावांना मराठी उत्तम येत असे आणि मराठी साहित्याशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकला. त्या मराठीच्या जडणघडणीत ह्या काळाचा वाटा निश्चितच होता. आसरा देणाऱ्याला आसऱ्याचे फळ कोणत्या रूपाने परत मिळेल हे सांगता येत नाही. मिळावे म्हणून तो द्यावयाचाही नसतो.

हे दार उघडण्यामागे कुलगुरूंच्या धैर्याइतकीच राजकीय परिस्थितीही अनुकूल होती. १९३७ च्या जुलैपासून मध्यप्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. १९३८ मध्ये डॉ. ना. भा. खरे पायउतार होऊन पंडित रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान झाले होते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी राहत होते. ह्याच डिसेंबरात सोलापुरास आर्य परिषद भरली तिचे अध्यक्ष लोकनायक बापूजी अणे म्हणजे यवतमाळचे, वऱ्हाडचेच पुढारी होते. हैदराबादेत जे चालले होते त्याकडे वऱ्हाडचे लोक परक्याचे भांडण म्हणून पाहत नव्हते. उलट, आपला मुलूख पुन्हा निजामाच्या कारभाराखाली जातो की काय ही धास्ती त्यांनाही होती. पलीकडच्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यात त्यांना आपल्याच मुलाचे उद्याचे भवितव्य दिसत असले तर नवल नाही.

१९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. विद्यापीठाने दिलेले प्रवेश मात्र राहिले. सरकारे बदलतात, पटावर चढलेले नाव राहते. आश्रयाचे काम राजवाड्याने करण्यापेक्षा शाळेने केले तर ते अधिक टिकाऊ होते, असा ह्याचा अर्थ मी घेतो.

नदी दोन्हीकडून ओलांडली जाते

नऊ वर्षांनी पैनगंगेच्या काठी पुन्हा माणसे दिसू लागली. ह्या वेळी ती विद्यार्थी नव्हती. कुटुंबेच्या कुटुंबे होती. १९४७ च्या ऑगस्टनंतर हैदराबाद भारतात सामील झाले नाही, रझाकारांचा जोर वाढला आणि मराठवाड्याच्या सीमेवरील गावांतून लोक वऱ्हाडात येऊ लागले. स्टेट काँग्रेसची सशस्त्र केंद्रे सीमेलगत उभी राहिली. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे त्यांपैकी एक महत्त्वाचे. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीहत्येच्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटून लाखो रुपयांची रक्कम लढ्यासाठी ह्या केंद्राकडे आणण्यात आली, ही हकीकत मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नरसिंह राव तेव्हा चांद्याच्या केंद्रात काम करीत होते. ज्या प्रांताने त्यांना विद्यार्थी म्हणून घेतले त्याच प्रांताच्या आश्रयाने ते आता आपल्या राज्याच्या मुक्तीसाठी झटत होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपण ही तारीख मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि ते उचितच आहे. पण इतिहास लिहिणाऱ्याला तिथेच लेखणी थांबविता येत नाही. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून सूडाचा वणवा पेटला आणि ज्यांचा रझाकारीशी काही संबंध नव्हता असे असंख्य मुसलमान मारले गेले, बेघर झाले. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात असावी असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. त्या कुटुंबांना नदीच्या कोणत्या काठावर थारा मिळाला? १९३८ च्या विद्यार्थ्यांविषयी अभिमानाने बोलताना हा प्रश्न आपण गिळून टाकला, तर आपला अभिमान अर्धाच खरा ठरेल. आश्रय ही केवळ आपल्या माणसाला देण्याची वस्तू असेल तर तिला पाहुणचार म्हणावे; तिचे दुसरे नाव शोधण्याची गरज नाही.

वर्धेपलीकडचा एक विद्यार्थी

वऱ्हाडची पूर्वसीमा म्हणजे वर्धा नदी. तिच्या पलीकडे वर्ध्यात जन्मलेल्या पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांची कथा ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते शिकण्यासाठी अमेरिकेला गेले. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन ह्या राज्यांत मजुरी करीत त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला आणि त्याच काळात स्वातंत्र्याच्या उद्योगातही ते पडले. १९१३ साली आकाराला आलेल्या गदर पक्षाच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात लढले, पुढे बर्लिन आणि मॉस्को पाहिले. युद्ध संपले तेव्हा त्यांना कुठेच जाता येईना. मायदेशी इंग्रज सरकार अटकेसाठी टपलेले. अमेरिकेत गदरच्या लोकांवर सान फ्रान्सिस्कोला खटला होऊन गेलेला. १९१७ च्या कायद्याने हिंदी लोकांच्या आगमनाला मनाई. आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निर्णय दिलेला.

१९२४ साली खानखोजे अमेरिकेच्या शेजारी मेक्सिकोत उतरले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि शेतकऱ्याच्या मुलांना शेती शिकविणारी माणसे हवी होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू ह्यांच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले, खेडुतांसाठी मोफत शेतीशाळा चालविल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र होते. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरांचे एक भित्तिचित्र आहे. त्याचे नाव 'आमची भाकर' असे आहे. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि त्यांच्यात भाकर वाटली जात आहे. ह्या चित्रात खानखोजे ह्यांचे चित्रण केलेले आहे. रोज प्रभूची प्रार्थना म्हणणाऱ्या वाचकाला त्या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको. ज्याला स्वतःच्या देशात भाकर खाण्याची मुभा नव्हती, त्या वर्ध्याच्या माणसाला परक्या देशाने भाकर वाटणाऱ्यांच्या पंक्तीला बसविले.

स्वतंत्र भारतात ते १९४९ साली पहिल्यांदा परत आले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव तेव्हाही पुसलेले नव्हते आणि त्यापायी त्यांना अडचण सोसावी लागली. नंतर ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्येने लिहिलेल्या इंग्रजी चरित्राच्या नावाचा अर्थ 'मी कधीही क्षमा मागणार नाही' असा आहे.

दोन वाक्यांचा पेच

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी आहेत. त्यांच्या आईबापांना विद्यार्थी व्हिसाची कागदपत्रे तोंडपाठ असतात. त्या कागदांत एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा येते. ते असे, की शिक्षण संपल्यावर मी माझ्या देशी परत जाईन. आश्रयाच्या अर्जातले मुख्य वाक्य नेमके ह्याच्या उलट असते. ते म्हणते, मी परत जाऊ शकत नाही. एकाच माणसाला दोन्ही वाक्ये प्रामाणिकपणे लिहावी लागतात, कारण पहिले लिहिले तेव्हा त्याचा देश शाबूत होता आणि दुसरे लिहिताना तो तसा राहिलेला नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले त्या वेळी पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांवर हीच वेळ आली. ते आले तेव्हा निर्वासित नव्हते. वर्गात बसले असतानाच ते निर्वासित झाले. व्हिसाची मुदत वाढवून मिळावी ही त्यांची मागणी होती आणि वरवर पाहता ती एका कारकुनी बाबीसारखी दिसत होती.

शेजारच्या देशात जावे, तर ती वाटही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. अमेरिका आणि कॅनडा ह्यांनी २००२ साली करार केला व तो २००४ च्या अखेरीस अमलात आला. त्यान्वये, ज्या सुरक्षित देशात तुम्ही आधी पोचलात तिथेच आश्रय मागावा, शेजाऱ्याकडे जाऊ नये असे ठरले. आरंभी हा नियम अधिकृत नाक्यांपुरता होता. मार्च २०२३ पासून तो दोन्ही देशांच्या संपूर्ण भू-सीमेला लागू झाला. जवळचे नातलग पलीकडे असणे वगैरे काही अपवाद आहेत. परंतु अमेरिकेत शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याने सीमेवर जाऊन शेजाऱ्याचे दार ठोठावावे, ही गोष्ट बव्हंशी संपली आहे. आपल्या देशाविषयी म्हणावे तर निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. परकीयांचा १९४६ चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला आहे, पण त्यातही निर्वासित असा वेगळा वर्ग मानलेला नाही. एक आधार मात्र आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले, की जीविताच्या रक्षणाचा संविधानाने दिलेला हक्क केवळ नागरिकांपुरता नाही; ह्या भूमीवर असलेल्या प्रत्येक माणसाला तो आहे.

कायद्याची चौकट अशी अपुरी असली की सारा भार मधल्या माणसांवर येऊन पडतो. प्रवेशाचा अर्ज घेणारा कारकून, वसतिगृहाचा अधीक्षक, खानावळीची बाई, खोली भाड्याने देणारे कुटुंब, कॉलेजचा प्राचार्य आणि वर बसलेला कुलगुरू ही ती माणसे होत. १९३८ साली आश्रयाचा कायदा नव्हता. तरीही आश्रय दिला गेला, कारण ज्याच्या हाती प्रवेशाचे रजिस्टर होते त्याने ते उघडले. त्याने बंड पुकारले नाही, कोणाविरुद्ध घोषणा दिली नाही. दुसऱ्या विद्यापीठाने दिलेल्या शिक्षेचा मान राखण्याचा एक चांगला रिवाज होता. ह्या ठिकाणी तो रिवाज पाळला तर अन्याय होईल एवढे त्याने ओळखले. नियम कोणासाठी आहे हे विसरू न देणे, ह्यापलीकडे त्याने काही केले नाही. पण शेकडो मुलांच्या आयुष्याला त्यामुळे वळण लागले.

आपल्या शिक्षणसंस्थांचा लौकिक मोठा आहे. परप्रांतांतून आणि परदेशांतून आलेले विद्यार्थी आपल्या बाकांवर असतात, आपल्या शेजारच्या खोल्यांत राहतात, कधी रविवारी आपल्या देवळात मागच्या रांगेत येऊन बसतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या देशात काय चालले आहे ते वर्तमानपत्रात वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. बाळ येशूला घेऊन मारिया आणि योसेफ रातोरात शेजारच्या मिसर देशी गेले तेव्हा त्यांना कोणी घर दिले, ह्याविषयी शुभवर्तमान काहीच सांगत नाही. ते घर देणाऱ्याचे नाव जगाला कळले नाही. पण ते घर होते, एवढे नक्की.

पुढच्या खेपेस वाशिमहून हिंगोलीला जाल तेव्हा पैनगंगेच्या पुलावर क्षणभर गाडीची काच खाली करा. पाणी फार नसेल. उन्हाळ्यात तर नुसती वाळूच दिसेल. कधीकाळी एवढ्याशा पाण्याच्या अलीकडे एका मुलाचे शिक्षण संपलेले नव्हते आणि पलीकडे ते संपले होते. मधला सारा फरक, एका माणसाने आपल्या हातातले रजिस्टर उघडले, एवढाच होता.